तिकडचा रविवार

“उसनं दिलेलं पातेलं धड परत येत न्हाई, आणि तुमी सेंटर फॉरवर्ड उसना द्यायला निघालाय,” बंडातात्या म्हणाले आणि माझ्यासमोर हात पसरला. मी त्यांच्या हातावर भडंगाची पुडी ठेवली. वाद सुरू झाला की तात्यांना भूक लागायची.

आमचं भडंगाचं दुकान बुरुजपेठ तालमीच्या कट्ट्यासमोर होतं. मधे रस्ता कसला, बोळच. त्यामुळे कट्ट्यावर कोण काय बोललं ते मला ऐकायचं नसलं तरी ऐकावं लागायचं. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम, आणि तालीम म्हटली की फुटबॉलची टीम आलीच. आत कुस्तीचा हौद, तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, आणि मारुतीच्या शेजारी बुटांचा ढीग. आमच्या पेठेत मूल चालायला लागलं की आधी बॉलला लाथ मारायचं, मग आईला हाक मारायचं.

त्या दिवसांत सगळा वाद चालला होता माझ्या दिरावर. इंद्रजित त्याचं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि हे पोर भिंतीला टेकून शेंबूड पुसत बसलेलं असायचं. माझ्याच हाताखाली वाढला. एकोणिसाव्या वर्षी असा खेळायला लागला की विरोधी टीमची माणसंसुद्धा शिव्या देता देता मधेच गप्प व्हायची. एका स्पर्धेत गोव्याच्या एका क्लबच्या कोचनं त्याला बघितला आणि निरोप धाडला: एका हंगामासाठी पोरगा आम्हाला लोनवर द्या, आवडला तर पुढचं बघू. नाव आमच्या तालमीकडं नोंदवलेलं, तेव्हा ‘जा’ म्हणायचं ते तालमीनं.

आणि घोडं तिथंच अडलं होतं. हंगाम तोंडावर, पाणवठा तालीम लागोपाठ आमच्या नाकावर टिच्चून चषक नेत होती, आणि इंद्रजितशिवाय त्यांना अडवणारं आमच्याकडं कोण नव्हतं.

“तात्या, पोरगं म्हंजे पातेलं हाय व्हय?” शौकत मिस्त्री म्हणाला. हा जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचा, हात कायम काळे, आणि बोलणं रोखठोक. “हितं ठेवून काय करणार? गुलाल उधळणार, खांद्यावर घेणार. तिशीत गुडघं गेलं की कट्ट्यावर आणून बसवणार, आपल्याशेजारी.”

“शौकत, तू आमचा हाईस का पाणवठ्याचा?”

“माझ्या बापानं ह्या तालमीचा पहिला गोल मारलाय. मला इचारू नका.”

“गोव्यात रोज मासं खावं लागतंय,” तिसरा कोण तरी म्हणाला. “पोरगं वाळून जाईल.”

“मासं खाऊनच पळत्यात की ती. तू रोज मटण खातोस, बस धरायला तरी पळतोस का?”

हसणं झालं. पुन्हा तेच सुरू. कोण म्हणायचं, तिकडं आपल्या पोराला बाकावरच बसवतील. कोण म्हणायचं, बाकावर बसला तरी शिकून येईल. कोण म्हणायचं, येईलच कशावरनं. ज्यांनी जन्मात गारगोटीच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं ते गोव्याच्या क्लबांची नावं घेऊन कुठली टीम कशी खेळते ते सांगायचे. मी मुरमुरे पाखडता पाखडता ऐकायचे. ज्याच्यावरनं एवढं चाललं होतं त्याला काय पाहिजे, हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात यायचं नाही.

आणि वाद कितीही वाढला तरी शेवटी एकाच जागी येऊन थांबायचा. तात्या पुडीचा कागद चुरगळायचे आणि आमच्या दुकानाच्या पायरीकडं बोट करायचे. पायरीवर आमचे मालक बसलेले असायचे. संपत माजगावकर. इंद्रजितचा थोरला भाऊ.

“हे बघा. जितंजागतं उदाहरण समोर बसलंय,” तात्या म्हणाले. “मुंबईच्या कंपनीनं ह्याला टीममधी घेतला. नोकरी दिली, खोली दिली. सोमवारी गेला. रविवारी आपली फायनल, पाणवठ्याबरोबर. शनिवारी सकाळी आमी तालमीत तोंड पाडून बसलोय, आणि एसटीतनं कोण उतरलं? हा. हातात ट्रंक. म्हटलं, कसं काय रं संपत? बोलंना. नुसतं डोळ्यात पाणी. मी काय समजायचं ते समजलो. खांद्यावर घेतला तो थेट मारुतीपुढं. दुसऱ्या दिवशी दोन गोल. पेठेसाठी नोकरीला लाथ मारलेला माणूस हाय हा. आणि ह्याच्या भावाला तुमी उसना द्यायला निघालाय.”

  ती गोष्ट पेठेत लहान पोरालाही पाठ होती. माझ्या बापानं हे स्थळ पक्कं केलं तेच ह्या गोष्टीवर. “असला इमानी माणूस पोरीला टाकणार न्हाई,” असं म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, टाकलं नाहीच कधी. माणूस सोन्यासारखा. पेठेतल्या पोरांना पहाटे उठून फुटबॉल शिकवायचे, उरलेला दिवस माझ्याबरोबर भट्टीपुढं.

त्या संध्याकाळीही हे पायरीवर बसून मुरमुऱ्यातले खडे वेचत होते. मान वर केली नाही.

तेवढ्यात इंद्रजित प्रॅक्टिसवरून आला. गळ्यात बूट, अंगावर घाम. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

“कशाला भांडताय?” तो म्हणाला. “मी कुठं जात न्हाई. दादानं पेठ सोडली न्हाई, मी सोडीन?”

तात्यांनी त्याला तिथंच मिठी मारली. कुणीतरी शिट्टी घातली. शौकत मिस्त्रीनं तेवढी मान हलवली आणि तो आपल्या दुकानाकडं निघून गेला. माझं लक्ष सहज ह्यांच्याकडं गेलं. हातातला खडा त्यांनी परत मुरमुऱ्यात टाकला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

जेवताना इंद्रजित नेहमीसारखा बोलत होता. भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला, आणि मधेच मला म्हणाला, “वैनी, गोव्यात भाकरी मिळती का गं?”

“तुला काय करायचंय? जायचं न्हाई म्हणालास ना?”

“सहज इचारलं.”

सहज. मी त्याला दहा बोटं धुवायला शिकवली होती, त्याचं सहज मला कळत नसेल तर कुणाला कळणार? थोड्या वेळानं म्हणाला, तिकडं मैदानाला खरंखुरं गवत असतंय म्हणे, पडलं तरी सोलत नाही. मग परत भाकरीकडं वळला. पोराचं मन तिकडं पळालं होतं, आणि तोंडानं तो थोरल्या भावाचा वारसा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढईत मिरची-लसणाची फोडणी टाकली आणि ह्यांना स्पष्टच सांगितलं, “त्याला जायचंय. तो तुमच्यासाठी राहतोय. तुम्ही एक शब्द टाका, जाईल.”

“मी काय सांगू त्याला?”

“तुम्ही त्याचे दादा. तुम्ही नाही सांगायचं तर मी सांगायचं?”

हे बराच वेळ झारा हलवत राहिले. ठसका लागला म्हणून असेल, डोळे लाल झाले होते.

“सुवर्णा, मी मॅचसाठी आलो नव्हतो,” ते म्हणाले.

“कुठल्या मॅचसाठी?”

“त्या. फायनलसाठी. मॅच हाय हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.”

मी भट्टीचा गॅस बारीक केला.

मग सांगितलं त्यांनी. आवाज न चढवता, हळूहळू. सोमवारी मुंबईला पोचले. खोलीत बरोबरची पोरं होती, कुणी वाईट वागलं नाही, कुणी हसलं नाही, खेळ तर बराच होत होता. फक्त सहन होईना. कुणी ओळखीचं नाही, कुणी ‘अरं संपत’ म्हणून हाक मारणारं नाही, घास उतरेना. शुक्रवारी मोरीत आंघोळीला गेले, नळ सोडला आणि खाली बसून रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडलेला. मग कुणाला न सांगता ट्रंक उचलली आणि एसटी गाठली.

“उतरलो तेव्हा डोक्यात एवढंच, कुणी बघायच्या आत घरात शिरायचं. तर समोर तात्याच. इचारलं, कसा आलास? मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला उचलला.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं.”

“कधी? खांद्यावर बसून? हलगी वाजत होती, सुवर्णा. म्हटलं मॅच झाली की सांगू. मॅचमधी दोन गोल झाले. मग कोण ऐकतंय? मग तुझ्या वडलांनी तेच बघून पोरगी दिली. मग इंद्या मोठा झाला आणि रोज जेवताना तीच गोष्ट मागायला लागला.”

आणि ती सांगायची कोण? मीच. एसटीतनं उतरले, हातात ट्रंक, डोळ्यात पाणी, असं म्हणत एकेक घास त्याच्या तोंडात घातला होता मी.

मला पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला परकी ठेवली. मग आठवलं ते गुडघ्याचं, आणि रागाचं मला हसूच आलं.

त्याचं असं होतं. आमच्या तालमीत महत्त्वाचं काही ठरवायचं झालं की सगळे अनवाणी हौदात उतरायचे. तांबड्या मातीत उभं राहून खोटं बोलायचं नाही, हा आमच्या पेठेचा नेम. तिथं शपथा घालाव्या लागत नाहीत. आणि आमचे हे तालमीसाठी जीव टाकणार, पण बैठकीच्या वेळी कधी हौदात पाय ठेवायचे नाहीत. पायात चपला घालून उंबऱ्याशी बसायचे. गुडघा दुखतो, मांडी घालता येत नाही, म्हणायचे. मी वर्षानुवर्षं त्या गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळत आले होते.

“म्हणजे गुडघ्याला काहीच नाही?” मी विचारलं.

“न्हाई.”

“माझं तेल गेलं ते गेलंच.”

हे हसले नाहीत. “आता सांगितलं तर मला कट्ट्यावर बसायला तोंड न्हाई ऱ्हायचं,” म्हणाले. “ह्या पेठेत मला दुसरं काय हाय, सुवर्णा? दोन गोल सगळ्यांनी मारल्यात. नोकरीला लाथ मी एकट्यानं मारली, म्हणून मी संपतदा.”

“आणि तुमचं तोंड राहावं म्हणून त्याचे पाय हितंच बांधून घालायचे?”

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता. हे उठले, हात धुतले, आणि मैदानाकडं निघून गेले. भट्टीवरचं भडंग त्या दिवशी माझ्याकडून करपलं.

शनिवारी मारुतीची आरती झाल्यावर बैठक होती. बायका हौदात उतरत नाहीत, पण उंबऱ्यापर्यंत यायला कुणाची ना नव्हती. मी प्रसादाच्या हरभऱ्याचं ताट घेऊन दारात उभी राहिले. आमचे हे माझ्या पायाशी, नेहमीच्या जागी, चपला घालून. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं होतं. काय करणार आहात, मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

हौदात सगळी पेठ गोळा झाली होती. तात्यांनी हातात नारळ घेतला.

“इषय लांबवायचा न्हाई,” ते म्हणाले. “पोरगं स्वतःच जात न्हाई म्हणतंय. पण उद्या कोण म्हणाया नको, तालमीनं अडवला. इंद्रजित, ये बाबा. मातीत हुबा ऱ्हा आणि एकदा सांग, तुझ्या मनानं राहतोयस.”

इंद्रजित पुढं झाला. मातीत उभा राहिला. तोंड उघडलं, आणि मग त्याची नजर खाली त्याच्या पायांकडं गेली. बोटांनी त्यानं माती थोडी उकरली. सगळे वाट बघत होते. लाजतोय, असं त्यांना वाटलं असेल. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, की नका बोलायला लावू त्याला.

“बोल की रं,” तात्या मायेनं म्हणाले.

माझ्या पायाशी हालचाल झाली. हे उठले होते. एक चप्पल काढली, दुसरी काढली, दोन्ही उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या, आणि हौदात उतरले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

“इंद्या, तू थांब,” ते म्हणाले. “तू काय बोलू नको. आधी मी बोलतो.”

आणि बोलले. सगळं बोलले. मॅच ध्यानात नव्हती हे बोलले. घास उतरत नव्हता, ते बोलले. नळ सोडून मोरीत बसलो, हे सगळ्या पेठेसमोर, त्यांनीच शिकवलेल्या पोरांसमोर बोलले. “तात्या, तुमी मला उचलला तेव्हा मी पळून आलो होतो. मी पेठेसाठी काय सोडलं न्हाई. मला राहायला जमलं न्हाई, एवढंच हाय ते. माझ्याकडं बघून ह्या पोराला अडवू नका. माझ्याकडं बघण्यासारखं त्यात काय नव्हतं.”

मधे कुठं थांबले नाहीत.  माझ्या ताटातले हरभरे खाली सांडले ते मला नंतर दिसलं. मी ह्यांच्या पायांकडं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मातीत.

 मी मनात म्हटलं, आता आम्ही पेठेतनं उठलो.

तात्यांनी नारळ शौकतच्या हातात दिला. वाकले, चिमूटभर माती उचलली आणि ह्यांच्या कपाळाला लावली. त्यांच्या गालावरनं पाणी वाहत होतं.

“बघा रं,” ते म्हणाले. “भावाचं भलं व्हावं म्हणून स्वतःचं नाव मातीत घालायला निघालाय. संपत, मातीत हुबा राहून खोटं बोललास. पण असल्या खोट्याला ही माती माफ करंल.”

“तात्या, खरं सांगतोय मी.”

“कळलं मला, कळलं.”

“अहो, खरंच पळून आलो होतो.”

“आता बास कर बाबा, काळजाला भोक पाडतोयस,” मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, अशी माणसं आता होणं नाही. बघता बघता सगळी तालीम डोळे पुसायला लागली. आमचे हे एकेकाचं तोंड बघत मधोमध उभे होते. खराब निघालेला माल परत द्यायला यावं आणि दुकानदारानं हात लावायलाच नकार द्यावा, तसं त्यांचं झालं होतं.

मला हसावं का रडावं कळेना. दोन्ही आलं.

“असला माणूस मागतोय तर न्हाई कसं म्हणायचं?” तात्या म्हणाले. “दिला पोरगा. एका हंगामासाठी दिला. पाणवठ्याला कसं अडवायचं ते आपुन बघू.” आणि शौकत मिस्त्रीनं नारळ फोडला.

एकटा इंद्रजित रडत नव्हता, हसत नव्हता, भावाकडं एकटक बघत होता. घरी आल्यावर हात-पाय धुताना त्यानं विचारलं, “दादा, नळ सोडून?”

“हां.”

“आवाज जाऊ नये म्हणून?”

“हां.”

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. “हरल्यावर मी पण तसंच करतोय,” म्हणाला. “तू कुणाकडनं शिकलास?”

“कुणाकडनं शिकतंय व्हय कोण?” हे म्हणाले, आणि त्या रात्री आम्ही तिघंही पोटभर जेवलो.

सोमवारी सकाळी इंद्रजितला गोव्याच्या गाडीत बसवून दिला. पेठ सगळी हजर, हलगी, हार, गुलाल. मी भडंगाचा एवढा मोठा डबा दिला. शौकत मिस्त्रीनं त्याच्या खिशात लिंबू घातलं, माशाबरोबर पिळायला. गाडी सुटताना तात्या खिडकीला लोंबकळून सांगत होते, डाव्या पायानं मारत जा, डाव्या पायानं.

मंगळवारी फोन आला, ठीक आहे म्हणाला. बुधवारी आला नाही. गुरुवारी फक्त ‘जेवलो’ म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानात होते. हे पायरीवर. माझा फोन वाजला.

“वैनी, काय करतीस?” इंद्रजितचा आवाज बारीक येत होता. “भडंग संपलं.”

“एवढं लगेच? आणखी पाठवते की. बरा आहेस ना?”

“बरा हाय. खोलीतली पोरं चांगली हाईत. कोच पण चांगला हाय. मैदान तर काय सांगू.” एवढं बोलून तो थांबला. आणि त्याच्यामागं मला पाण्याचा आवाज ऐकू आला. धो धो, बादली भरूनही कुणी नळ बंद करू नये तसा.

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हटलं, “नळ चालू आहे.”

ह्यांनी फोन कानाला लावला. ऐकत राहिले. समोर कट्ट्यावर तात्या कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होते, आता तिला आणखी एक शेपूट लागलं होतं, मातीत उभं राहून नाव बुडवणाऱ्या भावाचं.

“इंद्या, ऐक,” हे म्हणाले. “तू आलास तर मी स्टँडवर येतो घ्यायला. कुणाला कळू देत न्हाई, मागच्या बोळातनं घरात नेतो. ते माझ्यावर सोड. पण एक सांगू का? सोमवार ते शुक्रवार मला ठाऊक हाय. शुक्रवारचा नळ मला ठाऊक हाय. रविवार मी बघितलाच न्हाई. परगावचा रविवार कसा असतोय, आजपातूर मला ठाऊक न्हाई. तेवढा रविवार काढ. काढ आणि मला सांग कसा असतोय ते. मग यायचं तर ये.”

पलीकडून काय बोलणं झालं मला कळलं नाही. थोड्या वेळानं ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. पाण्याचा आवाज थांबला होता. फोनही बंद झाला होता.

शनिवारी संध्याकाळी हे खरोखर स्टँडवर जाऊन आले. पाय मोकळे करायला गेलो होतो, म्हणाले. स्टँड आमच्यापासून केवढा लांब.

पुढं इंद्रजित कुठं कुठं खेळला, त्यानं काय केलं, ते पेठेत कुणालाही विचारा, तिखटमीठ लावून सांगतील. त्या वर्षी पाणवठ्यानं आमचा परत एकदा धुव्वा उडवला, तेही सांगतील. तात्या शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की संपतसारखा माणूस होणे नाही, आणि आमच्या ह्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पण बैठकीला हौदात जाऊन बसायला लागले. मांडी घालून. निलगिरीची बाटली मी पुन्हा आणली नाही.

रविवारचं तेवढं राहिलं सांगायचं. दुपारी मटण केलं होतं. ह्यांनी ताटातली हाडं इकडची तिकडं केली, खाल्लं काही नाही. फोन मधोमध ठेवलेला. दिवेलागणीला वाजला तेव्हा मी उचलायच्या आत ह्यांनी उचलला.

“बोल.”

बराच वेळ नुसतं हूं हूं चाललं होतं. मी तोंडाकडं बघत होते. मधे एकदा हसले. मग म्हणाले, “बरं बरं. झोप मग लवकर,” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?”

“तिकडं रविवारी दुपारीच दुकानं बंद होत्यात म्हणे. सगळं गाव सामसूम. आणि आमटीत नारळ घालत्यात, गोड लागती. तरी खाल्ली म्हणाला.”

“आणि?”

“आणि उद्या सकाळी लवकर प्रॅक्टिस हाय म्हणाला.”

एवढं बोलून हे उठले. मोरीत गेले, दार लोटून घेतलं आणि नळ सोडला. मी त्यांचं ताट उचललं, रस्सा परत गरम करायला ठेवला आणि नळ बंद व्हायची वाट बघत बसले.